किल्ल्या आणि सर्टिफिकेटं सांभाळायला माणूस नेमताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात चाळीसेक जणांची कंपनी, एनबीएफसींना (कर्ज देणाऱ्या बिगर-बँक वित्तसंस्थांना) कर्जव्यवहाराचं सॉफ्टवेअर पुरवता, सगळा पसारा एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांमध्ये. गेल्या महिन्यात एका भागीदार बँकेच्या एपीआयला (प्रणालींनी आपसात बोलायच्या दाराला) जोडणारं क्लायंट सर्टिफिकेट, म्हणजे तुमची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र, रविवारी एक्स्पायर झालं, दिवसभर कर्जवाटप बंद राहिलं. आता संचालक म्हणताहेत, एक क्लाउड सिक्युरिटी स्पेशालिस्ट घ्या आणि एन्क्रिप्शनच्या, म्हणजे डेटा कुलूपबंद करणाऱ्या डिजिटल किल्ल्या, सर्टिफिकेटं सगळं त्याच्या हवाली करा. तुम्ही विचारता: असा माणूस कायमचा घ्यावा की कंत्राटावर, मुलाखतीत काय विचारावं, आणि तो खरंच जाणकार आहे हे आपल्याला कसं कळावं?

हवाली करायला म्हणून कुणाला घेऊ नका. या कामातला चांगला माणूस तो, जो सहा महिन्यांत कुणाच्याच हवाली काही उरू देत नाही. सर्टिफिकेटं आपली आपण बदलतात, किल्ली कुणाच्या लॅपटॉपवर नसते, आणि तो स्वतः नोकरी सोडून गेला तरी पुढचे रविवार सुरळीत जातात. मी गेली अनेक वर्षं हेच काम करतो आणि या कामासाठी माणसंही निवडतो. तुम्ही याच कसोटीवर निवड करा. खालचं सगळं तिथूनच येतं.

आधी हे लक्षात घ्या की तुम्ही दोन वेगळी कामं एका जाहिरातीत घालताय. सर्टिफिकेट बिघडलं की लगेच बोंब होते, ग्राहकांचे फोन येतात, आणि नवं बसवलं की काही तासांत गाडी रुळावर येते. किल्लीचं तसं नाही. किल्ली चोरीला गेली तर वर्षभर कुणाला पत्ताही लागत नाही, आणि किल्ली नष्ट झाली तर तिने बंद केलेला डेटा कायमचा गेला, मग जगातला कुठलाही तज्ज्ञ तो परत आणू शकत नाही. पहिल्या कामाला ऑटोमेशनची आवड असलेला माणूस लागतो, दुसऱ्याला परवानग्यांच्या बाबतीत चिकट आणि संशयी माणूस. दोन्ही गुण एकात सापडतात, पण क्वचित. तुमच्याकडे आग सर्टिफिकेटांना लागलीय, म्हणून तिथून सुरुवात करतो.

ही आग यापुढे वाढणार आहे. जाहीर टीएलएस सर्टिफिकेटांची, म्हणजे ब्राउझर ज्यांच्यावर भरवसा ठेवतात अशा वेबसाइटच्या ओळखपत्रांची, कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५ मध्ये सीए (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था) आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सीए/ब्राउझर फोरमने ॲपलचा प्रस्ताव मंजूर केला आणि पुढचं वेळापत्रक ठरलं: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. डोमेन आपलंच आहे हे एकदा सिद्ध केलं की तो पुरावा किती दिवस चालतो, तीही मुदत घटत घटत २०२९ मध्ये १० दिवसांवर येईल. समजा तुमच्याकडे साठ सर्टिफिकेटं आहेत. ४७ दिवसांचं सर्टिफिकेट शेवटच्या दिवसापर्यंत कुणी ताणत नाही, महिन्याला एकदा बदलायचं म्हटलं तरी वर्षाला ७२० वेळा बदल करावा लागेल. एक्सेलच्या शीटवर आणि कॅलेंडरच्या रिमाइंडरवर हे होणार नाही. त्यात लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या सीएने जून २०२५ मध्ये मुदत संपत आल्याच्या ई-मेल पाठवणंही थांबवलं. ज्यांचा सगळा भरवसा त्या मेलवर होता, त्यांना आता स्वतःची व्यवस्था करावीच लागते.

म्हणून मुलाखतीत पहिला प्रश्न असा विचारा: "पहिल्या आठवड्यात आमच्याकडे काय करशील?" एखादं महागडं टूल विकत घ्यायला सांगणारा उमेदवार आणि "आधी काय काय आहे ते मोजतो" म्हणणारा उमेदवार, यांतला दुसरा निवडा. पण तो मोजणार कुठे कुठे, हेही खोदून विचारा, कारण खरा अनुभव तिथेच दिसतो. सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी या निघालेल्या सर्टिफिकेटांच्या जाहीर नोंदवहीत तुमच्या डोमेनच्या नावाने निघालेलं जवळपास प्रत्येक जाहीर सर्टिफिकेट सापडतं, हे बहुतेकांना माहीत असतं. अनुभवी माणूस त्यापुढे जातो. तो या जागाही शोधतो: लोड बॅलन्सर (सर्व्हरांत वाहतूक वाटणारा), कुबर्नेटीस या ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या प्रणालीतली सीक्रेट्स, जावाच्या कीस्टोअर (किल्ल्या ठेवायच्या) फाइल, व्हीपीएन, सिंगल साइन-ऑनचं (सगळीकडे एकाच लॉगिनचं) सॅमल सही करणारं सर्टिफिकेट, मोबाइल ॲपमध्ये पिन करून ठेवलेलं सर्टिफिकेट, डेटाबेसशी बोलताना ॲप्लिकेशन ज्याच्यावर विश्वास ठेवतं ते सीए बंडल (मान्य सीएंची यादी). या शेवटच्या गोष्टीचं ताजं उदाहरण आहे. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेचं २०१९ सालचं सीए सर्टिफिकेट ऑगस्ट २०२४ मध्ये संपलं. डेटाबेसच्या बाजूने बदल करणं सोपं होतं, पण ज्या ॲप्लिकेशनमध्ये जुनंच बंडल भरलेलं होतं ते आधी शोधून बदलावं लागलं. "तेव्हा तुम्ही काय केलंत?" एवढं विचारलंत तरी प्रॉडक्शनमध्ये (खऱ्या चालू प्रणालीत) हात घातलेला माणूस ओळखू येतो.

ही मोजदाद कंटाळवाणी आहे, पण या क्षेत्रातले मोठे अपघात तिच्या अभावीच झालेत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या क्रेडिट ब्युरोमधून सुमारे १४.८ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. चोर ७६ दिवस आत होते. नेटवर्कमधली वाहतूक उघडून तपासणारं एक यंत्र कंपनीकडे होतं, पण त्याचं सर्टिफिकेट १९ महिन्यांपूर्वी संपलेलं होतं, त्यामुळे ते यंत्र एन्क्रिप्टेड वाहतुकीपुढे आंधळं झालं होतं. सर्टिफिकेट बदललं त्याच दिवशी संशयास्पद हालचाल दिसली. हे सर्टिफिकेट संपल्याने कुठलीही वेबसाइट बंद पडत नव्हती, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. ६ डिसेंबर २०१८ ला एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमध्ये दडलेलं एक सर्टिफिकेट संपलं आणि ब्रिटनमध्ये ओ-टू, जपानमध्ये सॉफ्टबँक यांच्या कोट्यवधी ग्राहकांचं मोबाइल नेटवर्क कोलमडलं. दोन्हीकडे सिक्युरिटीचे विभाग होते, बजेट होतं. त्या एका सर्टिफिकेटच्या मुदतीवर मात्र कुणाची नजर नव्हती.

आता तुमच्या बँकेच्या सर्टिफिकेटकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग तो आहे आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसणार. तुमची जोडणी दुतर्फा टीएलएसची आहे, म्हणजे बँक तुमचंही सर्टिफिकेट तपासते. इथे ऑटोमेशनने नवं सर्टिफिकेट दोन मिनिटांत निघेल, पण बँकेने ते स्वीकारायला हवं. बँकेकडे चेंज रिक्वेस्ट, त्यांची मंजुरी, त्यांची ठरलेली रात्रीची वेळ, यूएटीत (चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रणालीत) चाचणी, मग प्रॉडक्शन. माझ्या अनुभवात या वाटेवर वेळ खाणारी गोष्ट तांत्रिक जवळपास कधीच नसते. म्हणून जो उमेदवार "बँकेला नवं सर्टिफिकेट मान्य करायला किती दिवस लागतात?" असा उलट प्रश्न विचारतो, त्याच्या नावापुढे खूण करा. त्याने पुढे असंही सुचवायला हवं की बँकेशी बोलून एका वेळी जुनं आणि नवं अशी दोन सर्टिफिकेटं चालतील अशी सोय मागू, किंवा एकेका सर्टिफिकेटऐवजी ते देणाऱ्या आपल्याच खासगी सीएवर त्यांनी विश्वास ठेवावा अशी रचना करू. इथे दुसरीही तातडी आहे. जाहीर सीए आता सर्टिफिकेटांमधून क्लायंट ओळखीचा वापर काढून टाकताहेत, क्रोमच्या धोरणामुळे. वेबसाइटसाठी घेतलेलंच सर्टिफिकेट बँकेलाही दाखवायचं, ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती बंद पडणार आहे. तुमच्याकडे तसं असेल तर खासगी सीएकडे जाण्याची बोलणी आजच सुरू करा, नव्या माणसाची वाट पाहू नका.

ऑटोमेशनबद्दल उमेदवार बोलायला लागला की नावं भरपूर येतील: एसीएमई, सर्ट-मॅनेजर, एडब्ल्यूएस सर्टिफिकेट मॅनेजर, व्हॉल्ट. नावं सगळ्यांना येतात. तुम्ही त्याला अपयशाच्या जागा विचारा. एडब्ल्यूएसचं स्वतःचं सर्टिफिकेट डीएनएसने (डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदींतून) पडताळलेलं असेल, वापरात असेल आणि त्या पडताळणीसाठीची सीनेम नावाची डीएनएस नोंद जागेवर असेल तरच आपोआप नवं होतं. बाहेरून आणून इम्पोर्ट केलेलं सर्टिफिकेट आपोआप कधीच नवं होत नाही, आणि कन्सोलवर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. "साफसफाई" करताना कुणीतरी ती विचित्र दिसणारी सीनेम नोंद उडवतो आणि काही महिन्यांनी साइट पडते. दुसरी जागा याहून फसवी: फाइल नवी झाली, पण चालू असलेल्या प्रोसेसने ती पुन्हा वाचलीच नाही. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला रीलोड करावं लागतं, जावाची पुष्कळ ॲप्लिकेशन्स कीस्टोअर सुरू होताना एकदाच वाचतात. डिस्कवर सगळं हिरवं, ग्राहकाला मात्र जुनंच सर्टिफिकेट दिसतंय. म्हणून देखरेख बाहेरून, ग्राहकाच्या बाजूने, खरं कनेक्शन करून व्हायला हवी. हे मुद्दे उमेदवाराने तुम्ही न विचारता काढले तर समजा की त्याने रात्री जागून काढल्यात.

आणि डीएनएस कोणाच्या ताब्यात आहे ते माणूस नेमण्याआधीच तपासा. छोट्या कंपन्यांत डोमेनचं खातं कधीकाळी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या वैयक्तिक जीमेलवर असतं, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता कामाची सुरुवातच त्या प्रश्नाने करतो.

किल्ल्यांकडे वळू. इथे मुलाखत वेगळी घ्या. केएमएसची (एडब्ल्यूएसच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेची) ओळख करून देणारी व्याख्यानं ऐकत बसू नका, चार ठाम प्रश्न विचारा.

पहिला: "आम्ही किल्लीचं वार्षिक रोटेशन (ठरावीक काळाने बदल) चालू केलं. जुना डेटा आता नव्या किल्लीने बंद झाला का?" बरोबर उत्तर: नाही. केएमएस जुनं की मटेरियल (किल्लीचा प्रत्यक्ष गुप्त आकडा) ठेवून देतं आणि जुना डेटा त्यानेच उघडतं, नवा डेटा तेवढा नव्याने बंद होतो. किल्ली फुटल्याचा संशय असेल तर रोटेशनचं बटण दाबून काही साधत नाही, डेटा नव्या किल्लीने पुन्हा एन्क्रिप्ट करावा लागतो. याच ओघात एन्व्हलप एन्क्रिप्शन समजावून सांगायला लावा. केएमएस एका वेळी ४ केबीपर्यंतच डेटा थेट एन्क्रिप्ट करतं, म्हणून प्रत्यक्ष डेटा एका डेटा कीने बंद होतो आणि ती डेटा की केएमएसमधल्या मुख्य किल्लीने. तुमच्या टीममधल्या नव्या मुलीला कळेल अशा शब्दांत त्याला हे सांगता आलं पाहिजे, कारण पुढे तिलाच ते सांभाळायचंय.

दुसरा: "एक किल्ली वापरात नाही असं वाटतंय. डिलीट करू?" घाईने हो म्हणणारा इथेच बाद. केएमएसमध्ये किल्ली नष्ट करण्याआधी ७ ते ३० दिवसांची प्रतीक्षा असते, मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर की व्हॉल्टमध्ये सॉफ्ट डिलीट आणि पर्ज प्रोटेक्शन (पुसलेलं काही दिवस परत मिळण्याची सोय) असतं, आणि ही सगळी राखण एका कारणासाठी आहे: वर्षातून एकदाच उघडला जाणारा बॅकअप. जाणता माणूस म्हणेल, आधी डिसेबल करतो, क्लाउडट्रेलच्या (एडब्ल्यूएसवर कोणी काय केलं त्याच्या) नोंदी पाहतो, ऑडिटचा आणि वर्षअखेरीचा मोसम जाऊ देतो. मी तर म्हणतो, शंका असलेली किल्ली ठेवून द्या. एका किल्लीचं महिन्याचं भाडं एक डॉलर आहे. डेटाची किंमत तुम्ही जाणता.

तिसरा: "मुंबई रीजन बंद पडला. हैदराबादमध्ये डेटाबेस उभा करून दाखव." केएमएसच्या किल्ल्या रीजनपुरत्या असतात. स्नॅपशॉट (डेटाबेसची त्या क्षणाची प्रत) दुसऱ्या रीजनमध्ये नेताना तिथल्या किल्लीने पुन्हा बंद करावा लागतो, आणि ॲप्लिकेशनने स्वतः एन्क्रिप्ट केलेली फील्ड्स असतील तर मल्टी-रीजन किल्ली आधीपासून हवी. तसंच, एडब्ल्यूएसच्या डीफॉल्ट मॅनेज्ड किल्लीने बंद केलेला स्नॅपशॉट दुसऱ्या अकाउंटला शेअरच करता येत नाही. रॅन्समवेअरच्या भीतीने बॅकअप वेगळ्या अकाउंटमध्ये ठेवायचा ठरवला की ही भिंत समोर येते. डीआरची (आपत्तीतून सावरण्याची) कागदपत्रं अनेकांकडे छान असतात. किल्लीसकट रिस्टोअर करून पाहिलेले फार कमी.

चौथा, आणि मला सगळ्यात प्रिय: "ही किल्ली वापरून डेटा उघडायची परवानगी आज कोणाकोणाला आहे?" चांगला उमेदवार आयएएम पॉलिसीवर (माणसांना आणि रोलना दिलेल्या परवानग्यांवर) थांबत नाही, तो किल्लीवर लावलेली 'की पॉलिसी' आणि ग्रँट्स नावाच्या वेगळ्या परवानग्याही पाहतो. किल्ली सांभाळणारा आणि किल्ली वापरणारा वेगवेगळे असावेत, हे तत्त्व तो स्वतःलाही लावतो का ते बघा. जो म्हणतो, "मला डिक्रिप्टची परवानगी नकोच, माझं काम त्याशिवाय होतं," त्याला मी डोळे मिटून पुढच्या फेरीत घेतो. आणि की पॉलिसी लिहिताना स्वतःलाच बाहेर ठेवून कुलूप लावता येतं, मग एडब्ल्यूएस सपोर्टचे पाय धरावे लागतात, हेही त्याला ठाऊक असावं.

माणूस आणि प्रक्रिया यांचा संबंध किती घट्ट आहे ते समजायला मायक्रोसॉफ्टचं २०२३ चं प्रकरण पुरेसं आहे. स्टॉर्म-०५५८ नावाने ओळखल्या जाणाऱ्या हल्लेखोरांनी २०१६ साली बनवलेली एक, लॉगिनच्या परवान्यांवर डिजिटल सही करणारी, किल्ली मिळवली आणि तिच्या जोरावर अमेरिकी परराष्ट्र खात्यासह २२ संस्थांमधल्या पाचशेहून जास्त लोकांच्या मेलबॉक्समध्ये शिरले. अमेरिकी सरकारच्या सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डाने एप्रिल २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यात नोंद आहे की या किल्ल्यांचं रोटेशन हाताने होत असे, त्या हाताळणीतून एक मोठा आउटेज झाला, आणि मग २०२१ मध्ये कंपनीने ते रोटेशनच थांबवलं. जुनी किल्ली तशीच जिवंत राहिली. जगातल्या सगळ्यात मोठ्या क्लाउड कंपन्यांपैकी एकीला भीतीपोटी रोटेशन थांबवावंसं वाटलं, तर तुमच्या टीमलाही वाटणारच. तुमचा स्पेशालिस्ट ही भीती घालवणारा हवा. रोटेशन इतकं नेहमीचं आणि इतकं आपोआप होणारं करून ठेवणारा, की त्यासाठी कुणाला रात्री थांबावं लागू नये.

जानेवारी २०२५ मध्ये उघड झालेल्या कोडफिंगर हल्ल्याबद्दलही विचारा. हल्लेखोरांनी चोरलेल्या, एडब्ल्यूएसमध्ये शिरू देणाऱ्या अॅक्सेस की वापरून एस-थ्री या एडब्ल्यूएसच्या साठवण सेवेतला डेटा स्वतःच्या किल्लीने एन्क्रिप्ट केला आणि खंडणी मागितली. एडब्ल्यूएसची एसएसई-सी (ग्राहकाने दिलेल्या किल्लीने एन्क्रिप्शन) ही अधिकृत सोयच त्यांनी वापरली, आणि ती किल्ली एडब्ल्यूएसकडे साठवलेली नसल्याने त्यांनाही काही करता येईना. यावरून उमेदवाराने दोन गोष्टी काढायला हव्यात: दीर्घकाळ चालणाऱ्या अॅक्सेस की बंद करून रोलवर (थोड्या वेळापुरत्या मिळणाऱ्या परवानगीवर) जायचं, आणि न लागणारी एसएसई-सी पॉलिसीने अडवायची.

नियमांबद्दल थोडक्यात. तुम्ही एनबीएफसींना सेवा देता, म्हणजे आरबीआयचे आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश ग्राहकांच्या करारांतून तुमच्यापर्यंत येणारच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. डीपीडीपी (वैयक्तिक डेटा संरक्षण) कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. स्पेशालिस्ट वकील नको, पण ऑडिटरने "ही किल्ली गेल्या तिमाहीत कोणी वापरली?" असं विचारल्यावर पाच मिनिटांत नोंद काढून देता येईल अशी रचना त्याला करता यावी. कुणी पहिल्याच भेटीत समर्पित एचएसएमचा (किल्ल्या साठवणाऱ्या खास यंत्राचा) आग्रह धरला तर कुठल्या ग्राहकाच्या कुठल्या कलमासाठी, ते विचारा. केएमएसच्या मागेही एफआयपीएस १४० या अमेरिकी मानकाच्या तिसऱ्या पातळीचे एचएसएमच आहेत. क्लाउडएचएसएम या एडब्ल्यूएसच्या समर्पित सेवेत ताशी भाडं चालू राहतं आणि तिथले सगळे पासवर्ड हरवले तर एडब्ल्यूएसही किल्ल्या परत देऊ शकत नाही. करारात स्पष्ट मागणी असेल तरच त्या वाटेने जा. क्वांटम संगणक उद्या आजचं एन्क्रिप्शन फोडतील, हा विषय निघेल. नीस्ट या अमेरिकी मानकसंस्थेने त्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये नवी तीन मानकं जाहीर केलीत, पण आज तुमच्यासाठी त्याचा अर्थ इतकाच की मोजदाद करताना प्रत्येक सर्टिफिकेटपुढे अल्गोरिदमही लिहून ठेवायचा.

कायम की कंत्राट? तुमच्या आकाराला माझं मत ठाम आहे: तीन-चार महिन्यांचं कंत्राट, आणि पहिल्या दिवसापासून तुमच्या टीममधला एक इंजिनिअर त्याच्या जोडीला. हे काम एकदा नीट उभं राहिलं की रोज आठ तास पुरेल इतकं उरत नाही. हुशार माणूस रिकामा बसला की सोडून जातो, आणि त्याच्या डोक्यातलं सगळं त्याच्याबरोबर जातं. दोन-तीन क्लाउड, स्वतःचं मोठं पीकेआय (सर्टिफिकेटं देणारी यंत्रणा), पेमेंट एचएसएम किंवा ॲपवर डिजिटल सही (कोड सायनिंग) असा पसारा झाला की कायमची जागा काढा. जोडीला दिलेल्या इंजिनिअरला मात्र त्या महिन्यांत दुसऱ्या स्प्रिंटचं ओझं देऊ नका. सगळीकडे इथेच कंजुषी होते आणि इथेच पैसे वाया जातात.

कंत्राटात काय असावं तेही सांगतो. सगळी रचना टेराफॉर्ममध्ये (कोडच्या रूपात), तुमच्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात), रोजच्या रोज. त्याला स्वतःच्या नावाचं खातं, एमएफए (लॉगिनची दुहेरी पडताळणी), आणि कंत्राटाच्या तारखेला आपोआप संपणारी परवानगी. रूट (सर्वाधिकारी) खातं कधीच नाही. प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) तुमच्या सिस्टीमवरच तयार व्हायची, बाहेर फक्त सीएसआर (सर्टिफिकेटसाठीची मागणी) जायचा. "पीएफएक्स फाइल व्हॉट्सॲपवर पाठवा, मी बसवून देतो" (त्या फाइलमध्ये प्रायव्हेट कीही असते) असं म्हणणारा फ्रीलान्सर कितीही स्वस्त असला तरी नमस्कार करून मोकळे व्हा. त्याला घराची किल्ली दिली तर तो ती चौकातल्या पानवाल्याकडे ठेवून जाईल.

पैशांचा शेवटचा हप्ता दोन सरावांना बांधा. एका सरावात तुमचा इंजिनिअर, स्पेशालिस्टने कीबोर्डला हात न लावता, एनक्रिप्टेड बॅकअप हैदराबादमध्ये उघडून दाखवेल. दुसऱ्यात असं धरायचं की सीएने कळवलंय, २४ तासांत तुमची सगळी सर्टिफिकेटं रद्द होणार. ही कल्पना नाही. जुलै २०२४ मध्ये डोमेन पडताळणीत एक अंडरस्कोअर राहून गेल्यामुळे डिजिसर्ट या मोठ्या सीएला ८३ हजारांहून जास्त सर्टिफिकेटं रद्द करावी लागली, आणि ग्राहकांना सुरुवातीला मुदत मिळाली ती २४ तासांची. आपल्या देशातही जुलै २०१४ मध्ये एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली होती, आणि सीसीए या देशातल्या सीएंच्या सरकारी नियंत्रकाला एनआयसीची इंटरमीजिएट (मधल्या पायरीची) सर्टिफिकेटं रद्द करावी लागली. तेव्हा सीए बदलायची वेळ कधीही येऊ शकते. म्हणून सीएए नोंदी (आपल्या डोमेनला सर्टिफिकेट कोणी द्यायचं ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदी) नीट हव्यात, दुसरा सीए तयार हवा, आणि सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीवर आपल्या नावाने कोण काय काढतंय याचा इशारा लावलेला हवा.

उमेदवार शोधाल कुठे? माझा कल एसआरई (प्रणाली अखंड चालू ठेवणाऱ्या) किंवा प्लॅटफॉर्म टीममध्ये काम केलेल्यांकडे असतो, ज्यांनी कुबर्नेटीस चालवलंय आणि ऑन-कॉल केलंय. एसओसी (हल्ल्यांवर पाळत) किंवा व्हीएपीटीमधून (प्रणालीतले कच्चे दुवे शोधण्याच्या कामातून) आलेली माणसं हल्ला ओळखण्यात तरबेज असतात, पण हे काम बांधकामाचं आहे. एडब्ल्यूएस सिक्युरिटी स्पेशालिटी, सीसीएसपी, सीकेएस या परीक्षा अभ्यासाची खूण आहेत, मुलाखतीला बोलवायला पुरेशा, निवडायला नाहीत. जीएसटी आणि आरओसीच्या (कंपनी निबंधकाच्या) कामासाठी डिजिटल सिग्नेचर काढून देणारेही अर्ज करतील. ते काम प्रामाणिक आहे, पण वेगळं आहे, एचआरला हा फरक आधी सांगून ठेवा.

शेवटच्या फेरीत कोडी घालू नका. एक चाचणी अकाउंट उभारा आणि त्यात मुद्दाम चुका पेरा: इम्पोर्ट केलेलं, संपत आलेलं एक सर्टिफिकेट, सगळ्यांना डिक्रिप्ट देणारी एक की पॉलिसी, कोडमध्ये विसरलेली एक अॅक्सेस की, नवी फाइल न वाचणारा एक एन्जिनएक्स. उमेदवाराला अर्धा दिवस द्या आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. किती चुका सापडल्या यापेक्षा कुठली आधी दुरुस्त केली आणि का, हे त्याच्या तोंडून ऐका. अॅक्सेस की सापडल्या क्षणी निकामी केली, मग लगेच सर्टिफिकेट, कारण ते उद्या संपतंय, असा क्रम सांगणारा माणूस मला लगेच पटतो. आणि लेखी टिपण मागा, दोन पानांचं, मराठीत किंवा इंग्रजीत, तुमच्या इंजिनिअरला वाचून पुढे काम करता येईल असं.

जाहिरातीचा मजकूर मी असा ठेवला असता: "एडब्ल्यूएसवर चालणाऱ्या कर्जव्यवहार प्रणालीसाठी सर्टिफिकेटांची संपूर्ण मोजदाद, त्यांचं आपोआप नूतनीकरण आणि बाहेरून देखरेख, बँकांशी असलेल्या दुतर्फा टीएलएस जोडण्यांचं खासगी सीएवर स्थलांतर, केएमएस किल्ल्यांच्या परवानग्यांची फेररचना, आणि दुसऱ्या रीजनमध्ये किल्लीसकट रिस्टोअर. कालावधी चार महिने. आमचा एक इंजिनिअर पूर्णवेळ सोबत असेल. शेवटचे दोन सराव तो करेल, तुम्ही बघाल." बँकेच्या त्या सर्टिफिकेटची पुढची मुदत कधी संपते ते आजच पाहून ठेवा आणि त्यांच्या टीमला मेल टाका. उमेदवार रुजू होईपर्यंत त्यांची चेंज रिक्वेस्ट मंजुरीत गेलेली असेल.